ब्लॉक : घराचा, रुळांचा आणि हृदयाचा

नौपाड्यातल्या एका वाचकांनी विचारले आहे की, आजोबांच्या जुन्या पत्रात ‘चाळीतली खोली सोडून ब्लॉक घेतला’ असे वाक्य आहे आणि रविवारी आपण ठाणे-कल्याण मेगाब्लॉकची सूचना वाचतो. तर हे दोन्ही ‘ब्लॉक’ एकच काय, आणि असल्यास त्याला एकच मराठी प्रतिशब्द का मिळत नाही?

शब्द एकच आहे. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा होता. ओंडका हा भरीव, सलग तुकडा असतो आणि वाटेत आडवा पडला की तोच अडसर ठरतो. पुढे अर्थ वाढले ते याच दोन अंगांनी. कापडछपाईचा लाकडी ठसा, खिळ्यांच्या छपाईत चित्रासाठी वापरला जाणारा धातूचा ब्लॉक आणि आपल्या पदपथावरचे पेव्हर ब्लॉक हे सारे पहिल्या अंगाचे. 1952 साली सामूहिक विकास कार्यक्रमात ग्रामीण भागाचे जे ब्लॉक पाडले गेले, त्यांना मराठीत ‘गट’ म्हटले गेले आणि त्यातूनच ‘गटविकास अधिकारी’ हे सुटसुटीत पदनाम मिळाले.

आजोबांचा ब्लॉकही याच अंगाचा, मात्र मराठीत आल्यावर त्याचा अर्थ आक्रसला. ‘ब्लॉक ऑफ फ्लॅट्स’ म्हणजे इंग्रजीत अख्खी इमारत. आपण मात्र तिच्यातल्या एकाच बिऱ्हाडाला ब्लॉक म्हणू लागलो. संडास-न्हाणीघर घराच्या आत असणे ही त्याची खरी ओळख होती, आणि सामाईक नळ व सामाईक संडास यांत आयुष्य काढलेल्या माणसाने ‘ब्लॉक घेतला’ असे लिहिले, तेव्हा त्यात केवढे समाधान होते, हे आजच्या ‘फ्लॅट’ या शब्दावरून कळणार नाही. म्हणून ते पत्र कुठे छापायचे झाल्यास ‘ब्लॉक’च्या जागी ‘सदनिका’ घालू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

रेल्वेत दोन्ही अंगे एकत्र नांदतात. रुळांचा जो पट्टा एका वेळी एकाच गाडीला देण्याचे तत्त्व सिग्नलव्यवस्थेत पाळले जाते, तो ‘ब्लॉक सेक्शन’. इथे अर्थ तुकड्याचा आहे. दुरुस्तीसाठी वाहतूक थांबवून मार्ग कामगारांच्या ताब्यात देतात तो ‘ट्रॅफिक ब्लॉक’, आणि वरच्या तारेतला वीजपुरवठा बंद करतात तो ‘पॉवर ब्लॉक’. इथे अर्थ अडवण्याचा. बरीच कामे एकाच मोठ्या अवधीत उरकायची असली की त्याचा मेगाब्लॉक होतो.

खरी काळजी घ्यायला हवी ती वैद्यकीय वापरात. ‘हार्टमध्ये ब्लॉक निघाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीयुक्त थर साचून ती अरुंद झालेली असते. डॉक्टरांच्या भाषेतला ‘हार्ट ब्लॉक’ मात्र निराळा विकार आहे : त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत्संदेश रेंगाळतो किंवा अडतो. पहिल्यासाठी ‘रक्तवाहिनीतला अडथळा’ आणि दुसऱ्यासाठी ‘संदेशवहनातला अडथळा’ असे स्पष्ट म्हणावे. पहिल्यात गरजेप्रमाणे स्टेंट घालतात, दुसऱ्यात पेसमेकर बसवतात. त्यामुळे घरातल्या कुणाचा जुना आजार नव्या डॉक्टरांना सांगताना नुसते ‘ब्लॉक होता’ एवढ्यावर थांबू नये.