वाचकांचे प्रश्न : हॅमरचे भयपट आणि घरचा पडदा

मागील अंकात हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत भयपटांच्या नव्याने दुरुस्त केलेल्या डिस्कविषयी आम्ही लिहिले होते. त्यावर बडोद्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : डिस्क महागाची आणली, वर ‘४के रिस्टोरेशन’ असे लिहिले आहे, तरी पडद्यावर काहीतरी खटकते. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे वारंवार येणार आहे. ‘४के’ हा शब्द स्कॅनिंग किती बारकाईने झाले एवढेच सांगतो. कशावरून स्कॅन केले, रंग कशाच्या आधारे ठरवले, चौकट कुठे कापली, हे तो सांगत नाही. आणि चित्राचे बरेवाईट तिथेच ठरते.

भाच्याने इंग्लंडहून पाठवलेली ‘ड्रॅक्युला’ची ब्लू-रे इथे घेतलेल्या प्लेअरवर चालत नाही. ‘या विभागासाठी नाही’ असा संदेश येतो. डिस्क खराब आहे का?
*– रावपुरा*

डिस्क चांगली आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत. अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये, ब्रिटन आणि उरलेला बराचसा युरोप ‘बी’मध्ये, तर भारत, चीन, रशिया ‘सी’मध्ये येतात. भारतात विकलेला प्लेअर ‘बी’चे कुलूप असलेली डिस्क नाकारतो. डीव्हीडीचे विभाग वेगळे आहेत : तिथे ब्रिटन २ आणि भारत ५.

डिस्क मागवण्याआधी वेष्टणाच्या मागच्या बाजूचे चिन्ह पाहावे. ए, बी, सी ही तिन्ही अक्षरे असतील तर ती कुठेही चालते. ४के यूएचडी, म्हणजे ब्लू-रेहून अधिक बारकाईच्या, डिस्कना विभागाचे कुलूपच नसते. मात्र त्याच खोक्यात सोबत दिलेली साधी ब्लू-रे कुलूपबंद असू शकते, आणि बहुतेकदा मुलाखती वगैरे पुरवणी त्याच डिस्कवर असते. यूएचडी डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवर वाचली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

‘मल्टी-रीजन’ म्हणून प्लेअर विकत घेताना फसगत होते ती अशी : रिमोटवरून आकडे दाबून उघडणारे कुलूप सहसा फक्त डीव्हीडीचे असते. ब्लू-रेसाठी प्लेअरच्या आतली जोडणी किंवा त्याचे सॉफ्टवेअर बदललेले असावे लागते. म्हणून दुकानात जाताना तुमची हीच डिस्क बरोबर न्या आणि ती चालवून दाखवल्यावरच पैसे द्या. घरी आणल्यावर सॉफ्टवेअरचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा, नाहीतर केलेला बदल पुसला जाऊ शकतो. प्लेअर परदेशातून आणत असाल तर मागची पट्टी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर प्रश्न नाही. अमेरिकेतल्या काही प्लेअरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेले असते; तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर जळेल. ब्रिटिश प्लेअरला केवळ पिनेचा अडॅप्टर पुरतो.

१९५८च्या ‘ड्रॅक्युला’च्या दोन डिस्क माझ्याकडे आहेत. एकीवर सगळे निळसर दिसते, दुसरीवर चेहरे उबदार वाटतात. मूळ रंग कोणते? शिवाय शेवटी एका डिस्कवर काही शॉट जास्तीचे आहेत आणि तेवढ्यापुरते चित्र खराब होते, ते का?
*– दांडिया बाजार*

आधी रंगाचे पाहू. हे चित्रपट ईस्टमनकलरवर चित्रित झाले. त्या फिल्ममध्ये रंगद्रव्यांचे तीन थर असतात आणि ते सारख्या वेगाने फिके पडत नाहीत. जुन्या प्रिंटमध्ये निळसर-हिरवा, म्हणजे सायन थर सहसा आधी जातो, म्हणून ती प्रिंट गुलाबी-लालसर दिसते. मूळ निगेटिव्हही यातून सुटत नाही. म्हणजे आज स्कॅन करणाऱ्याच्या हाती १९५८चा रंग तयार मिळत नाही, तो ठरवावा लागतो.

त्यासाठी दोन आधार असतात. पहिला, त्या काळी सुरक्षिततेसाठी काढून ठेवलेल्या तीन कृष्णधवल प्रती, एकेका रंगासाठी एकेक. त्यांत रंगद्रव्य नसते, चांदी असते, त्यामुळे रंग उडण्याचा प्रश्नच येत नाही. पण तिन्ही फिल्म वर्षानुवर्षांत कमीजास्त आकसतात. पुन्हा एकमेकींवर बसवताना केसभर चूक झाली तरी पांढऱ्या कॉलरच्या कडेला लाल किंवा हिरवी रेघ दिसते. दुसरा आधार म्हणजे टेक्निकलरच्या छपाई पद्धतीने काढलेल्या प्रिंट. त्यांचे रंग टिकतात, त्यामुळे त्या समोर ठेवून रंग ताडून पाहता येतात.

घरी परीक्षा करायची तर पीटर कुशिंग या नटाचा पांढरा शर्ट आणि मेणबत्तीची ज्योत पाहा. घराच्या आतल्या, मेणबत्त्यांनी उजळलेल्या प्रसंगात पांढरा रंग निळा आणि ज्योत थंड दिसत असेल, तर छटा नंतर चढवलेली आहे. बाहेरच्या रात्रीचा निळेपणा मात्र लगेच चूक म्हणू नका. अशा चित्रपटांत रात्रीचे बरेच प्रसंग दिवसा, कमी प्रकाश घेऊन चित्रित करत आणि प्रयोगशाळेत काळोख-निळसर छापत. निगेटिव्हमध्ये तिथे दिवसच असतो. रंग ठरवणाऱ्याने हे ओळखले नाही तर पिशाच्च भर उन्हात फिरताना दिसते, आणि जुन्या डीव्हीडींवर असे झालेलेही आहे. जॅक ॲशर या छायालेखकाने भिंतींवर आणि कोपऱ्यांत टाकलेले जांभळे-हिरवे प्रकाशही मुद्दाम आहेत. ते टीव्हीच्या सेटिंगने ‘दुरुस्त’ करू नका.

तुमच्या निळसर, म्हणजे ब्रिटिश डिस्कच्या थंड छटेबद्दल जाणकारांत ती आल्यापासून मतभेद आहेत. आमचे मत असे की घरातल्या प्रसंगांत ती प्रमाणाबाहेर आहे. तरीही ती डिस्क काढून टाकू नका. कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग.

ब्रिटनच्या सेन्सॉरने कात्री लावलेले काही शॉट जपानमध्ये दाखवलेल्या प्रतीत शिल्लक होते. टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात १९८४मध्ये आग लागली, तीत त्या प्रतीची पहिली पाच रिळे गेली. सहा ते नऊ क्रमांकाची रिळे होरपळलेल्या, भिजलेल्या अवस्थेत वाचली. मीनाच्या शयनगृहातला प्रसंग आणि उन्हात ड्रॅक्युला राख होताना त्याची भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर लीने स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडण्याचा शॉट त्यांतून मिळाला. मार्च २०१३च्या ब्रिटिश ब्लू-रेवर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची २००७ची आवृत्ती आणि हे शॉट जोडलेली २०१२ची आवृत्ती, अशा दोन्ही आहेत. अमेरिकेतल्या २०१८च्या डिस्कवर जपानी शॉट नाहीत. तेव्हा शेवटी चित्र बिघडते तो डिस्कचा दोष नाही, त्या रिळांवर तेवढेच उरले होते. शेवटचा प्रसंग दिग्दर्शक टेरेन्स फिशरने घेतला तसा पाहायचा असेल, तर ते डाग आनंदाने सोसावेत.

‘ड्रॅक्युला’ची माझी जुनी ब्रिटिश डीव्हीडी ७९ मिनिटांतच संपते. चित्रपट ८२ मिनिटांचा आहे. तीन मिनिटे कापली आहेत का?
*– कारेलीबाग*

बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल या टीव्ही पद्धतीच्या (ब्रिटनमधली तीच) डीव्हीडीवर तो २५ने चालवत, म्हणजे चार टक्के जलद. ८२ मिनिटांचे ७८ मिनिटे ४३ सेकंद होतात. आवाजही अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. लीचा खर्ज त्यात मार खातो. ब्लू-रेवर चित्रपट २४नेच चालतो, म्हणून तिच्यावरचा वेळ खरा धरावा.

‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या एकाच संचात तीन वेगवेगळ्या आकारांची चौकट दिली आहे. कुठली पाहावी?
*– अलकापुरी*

१.६६, म्हणजे उंचीच्या १.६६ पट रुंद चौकट. कारण असे : १९५७मध्ये निगेटिव्हवर चित्र १.३७ला १ या जवळजवळ चौकोनी आकारात उतरले, पण ब्रिटिश चित्रगृहांत ते वरखाली झाकून रुंद दाखवले जाई आणि अमेरिकेत आणखी रुंद, १.८५ला. वॉर्नरच्या २०२०च्या संचात तिन्ही आकार दिले आहेत, ही मोठी सोय आहे. १.३७च्या चौकटीतून १.६६ काढताना उंचीचा साधारण साडेसतरा टक्के भाग जातो, १.८५ काढताना २६ टक्के. १.३७मध्ये पात्रांच्या डोक्यावर रिकामी भिंत दिसत राहते आणि प्रसंग सैल वाटतात. १.८५मध्ये प्रयोगशाळेतली काचपात्रे आणि कपाळे कापली जातात. तिन्हींत एकच प्रसंग लावून पाहा, म्हणजे फरक लगेच कळेल.

१.६६ पाहताना दोन्ही बाजूंना सुमारे ६३ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतील. त्या घालवायला रिमोटवरचे झूम वापरू नका. मग जपून राखलेली चौकट टीव्हीच कापेल. कडा न कापता पूर्ण चित्र दाखवणारे सेटिंग, म्हणजे एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’ चालू असावे.

नव्या टीव्हीवर भिंती आणि आकाशावर मुंग्या चालल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. नॉइज रिडक्शन वाढवले तर चेहरे गुळगुळीत होतात. काय करावे?
*– मांजलपूर*

ते ठिपके म्हणजे फिल्मचे कण, ग्रेन. चित्र त्या कणांचेच बनलेले असते; ते पुसले की कापडाचा पोत आणि चेहऱ्यावरच्या रेषाही जातात. १९६६च्या ‘ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये कण अधिक ठळक दिसतील, कारण तो टेक्निस्कोपमध्ये घेतला आहे. त्यात एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच छिद्रांइतकी फिल्म मिळते, त्यामुळे छोटे चित्र जास्त मोठे करावे लागते.

कण मुळापेक्षा भडक दिसत असतील तर दोष बहुधा टीव्हीच्या मांडणीत आहे. या क्रमाने जा. पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ ठेवा. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्यावर किंवा त्याजवळ आणा. सोनीवर मात्र ५० हा तटस्थ आकडा आहे, तिथे शून्य केल्यास चित्र धूसर होईल. नॉइज रिडक्शन आणि एमपीईजी नॉइज रिडक्शन दोन्ही बंद. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. एलजी तिला ट्रूमोशन म्हणते, सोनी मोशनफ्लो. वीजबचत आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सरही बंद करा, कारण हे चित्रपट मुळातच अंधारे आहेत.

मग काळा रंग तपासा. लीच्या काळ्या झग्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत. सगळा झगा एकसंध काळा दिसत असेल तर प्लेअर ‘फुल’ पातळीवर आणि टीव्ही ‘लिमिटेड’वर आहे, उलट झाले तर काळे राखाडी दिसते. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ करा. यूएचडी डिस्क लावत असाल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय जोडणीवर पूर्ण क्षमतेचा सिग्नल घेण्याची सोय वेगळी चालू करावी लागते : सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. केबल सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी हवी. कमी क्षमतेच्या केबलने चित्र मध्येच काळे होते.

एवढे करूनही चेहरे मेणाचे दिसत असतील, चेहरा हलतो पण त्यावरचे कण जागीच गोठल्यासारखे राहतात असे दिसले, तर कण डिस्क बनवतानाच पुसले आहेत. त्यावर घरी इलाज नाही. दुसरी आवृत्ती शोधावी.

रिस्टोरेशनमध्ये मूळ चित्रपटात बदल करतात का?
*– फतेगंज*

ओरखडे काढणे, चित्राची थरथर आणि उजेडाची फडफड घालवणे, रंग सावरणे, हे रिस्टोरेशन. १९६८च्या ‘द डेव्हिल राइड्स आऊट’च्या २०१२च्या ब्रिटिश ब्लू-रेसाठी काही ट्रिकदृश्ये संगणकावर नव्याने सुधारली. जुनी ट्रिक कच्ची होती हे खरे, पण ती त्या चित्रपटाची होती. आम्ही याला फेरफारच म्हणू. नंतर आलेल्या अमेरिकी डिस्कवर मूळ दृश्ये आहेत.

ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरात डिस्कचे कपाट पाण्याखाली गेले. अजून तशाच बांधून ठेवल्या आहेत. वाचतील का?
*– समा*

डिस्क बऱ्याच वाचतील. पुस्तिका कमी. कोरड्या गाळावर फडके फिरवू नका. त्यातली रेती ओरखडे पाडते. आधी अर्धा तास स्वच्छ पाण्यात भिजवा, मग वाहत्या पाण्याखाली गाळ निघून जाऊ द्या. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरचे, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. सावलीत उभ्या करून वाळवा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको.

ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाच्या खाली केवळ ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत ०.६वर. म्हणून डीव्हीडीवरचे ओरखडे घासून काढणारे मशीन ब्लू-रेला लावू नये. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते. कडेने पाणी शिरून ढगाळ पट्टा दिसत असेल तर ती गेली असे समजा.

आर्ट पेपरच्या पुस्तिका वाळताना पाने एकमेकांना घट्ट चिकटतात. तुमच्या आता चिकटल्याच असतील, त्या ओढून सोडवू नका, छपाई निघून येईल. पुढे पुन्हा भिजल्या तर ओल्या असतानाच पाने सोडवून मध्ये टीपकागद घाला. लगेच जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने एकेक काढा.

‘द इनोसंट्स’ची डिस्क लावली की आधी बराच वेळ पडदा काळा राहतो, नुसते मुलीचे गाणे ऐकू येते. पुढेही चित्राच्या दोन्ही कडा काळवंडलेल्या दिसतात. बदलून मागू का?
*– निजामपुरा*

नको. १९६१चा हा कृष्णधवल चित्रपट (हॅमरचा नव्हे) काळ्या पडद्यावरच्या गाण्यानेच सुरू होतो. कंपनीचे बोधचिन्हसुद्धा त्यानंतर येते. कडांचा अंधार छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने आणलेला आहे. सिनेमास्कोपची रुंद चौकट या गोष्टीला फार मोकळी पडत होती, म्हणून त्याने कडा रंगवलेले फिल्टर लेन्ससमोर लावले. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून त्या कडा उजळू नका, खोलीतले दिवे बंद करा.