क्रॅनबेरीने उन्हाळी लागणे थांबते का?

प्रश्न : माझे वय ३८ आहे. गेल्या वर्षभरात मला तीनदा उन्हाळी लागली आणि प्रत्येक वेळी प्रतिजैविके घ्यावी लागली. बोस्टनला राहणाऱ्या नणंदबाईंनी सुकवलेल्या क्रॅनबेरीची पाकिटे पाठवली असून, रोज मूठभर खाल्ल्यास हा त्रास कायमचा जाईल, असे त्या म्हणतात. सासूबाईंना मधुमेह आहे आणि हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. आम्ही दोघींनी ही फळे खावीत का? आपली करवंदे म्हणजेच क्रॅनबेरी, हे खरे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नणंदबाईंच्या सांगण्यात तथ्य आहे, पण ‘कायमचा’ हा शब्द वगळावा लागेल. उन्हाळी, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू अंगावरच्या सूक्ष्म तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो आणि तेथेच वाढतो; क्रॅनबेरीतील प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्ये या चिकटण्यात अडथळा आणतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्यामुळे जिवाणू मरत नाही, म्हणूनच संसर्ग झाल्यानंतर क्रॅनबेरी हा त्यावरचा उपचार ठरत नाही. ताप, थंडी किंवा पाठीत कुशीकडे दुखणे सुरू झाल्यास फळांवर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रतिबंधाचा पुरावा मात्र अलीकडे बळकट झाला आहे. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात फारसा लाभ दिसला नव्हता. २०२३ मध्ये ५० अभ्यास एकत्र तपासल्यावर, ज्या स्त्रियांना हा संसर्ग वारंवार होतो त्यांच्यात तो पुन्हा होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे आढळले. गर्भवती स्त्रिया आणि वृद्धाश्रमांतील ज्येष्ठ यांच्याबाबत असा लाभ दिसला नाही. शिवाय हे अभ्यास मुख्यतः रस, गोळ्या किंवा कॅप्सूल यांवरचे आहेत, आणि आपल्याकडे आलेला खाऊ वेगळा आहे.

ताजी क्रॅनबेरी इतकी आंबट-तुरट असते की तिच्या १०० ग्रॅममध्ये साखर जेमतेम ४ ग्रॅम भरते. सुकवताना मात्र भरपूर साखर घातली जात असल्याने पाकिटातल्या १०० ग्रॅममध्ये ती ७० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे ४० ग्रॅमच्या मुठीमागे सहा-सात चमचे साखर पोटात जाते. आपण चवीपुरती खायला हरकत नाही. नियमित घ्यायचेच असेल तर बिनसाखरेचा रस किंवा कॅप्सूल यांविषयी डॉक्टरांना विचारावे. मूतखडा झालेला असल्यास तेही त्यांना सांगावे.

सासूबाईंनी ही पाकिटे बाजूला ठेवलेली बरी. मधुमेह हे एक कारण झालेच. दुसरे असे की, वॉरफरिनबरोबर क्रॅनबेरीचा रस घेतल्यावर रक्तस्राव वाढल्याच्या काही नोंदी आहेत. पुढच्या चाचण्यांत माफक प्रमाणात घेतल्यास विशेष फरक दिसला नाही हे खरे, तरीही झडपेच्या रुग्णाने आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) तपासणाऱ्या डॉक्टरांना न विचारता हा प्रयोग करू नये.

करवंद आणि क्रॅनबेरी यांचे कूळही एक नाही. क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत जमिनीलगत पसरणारी वेल. तिची शेते मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे नणंदबाईंच्याच राज्यात, आहेत आणि काढणीच्या वेळी त्यांत पाणी सोडले की आतून पोकळ असलेली फळे वर तरंगतात. करवंदाची जाळी काटेरी आणि चिकाची. वर सांगितलेले अभ्यास करवंदावर झालेले नाहीत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष करवंदाला लावता येत नाहीत.