दोन टॉवर, एक फोन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शेजारच्या दोन टॉवरांनी मिळून एकाच फोनला सिग्नल द्यायचा, हे तुझ्या मनानं घेतलंय. चांगलं आहे. पण अँटेनापासून सुरुवात करू नकोस. आधी बघ, त्या दोन साइटमधली लाइन किती मिलिसेकंद खाते.

१८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण १६.७ सेंटिमीटर. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरनं चाललेली एसटी ५ मिलिसेकंदांत त्याच्या निम्मं अंतर कापते. आतल्या फोननं मोजलेली फेज (लहर त्या क्षणी चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) तीन-चार राउटर फिरून १० मिलिसेकंदांनी दुसऱ्या साइटला पोचली, तर ती शिळी झाली. त्यावर जुळवलेले सिग्नल एकमेकांना मारतील. असल्या फोनसाठी एका टॉवरनं बोलावं, दुसऱ्यानं तेवढे ब्लॉक (वेळ आणि फ्रिक्वेन्सीचे तुकडे) रिकामे सोडावेत, बस्स. दोन्ही आरआरयू (टॉवरवरचे रेडिओ) एकाच बेसबँडला (सिग्नलचं गणित करणाऱ्या यंत्राला) सरळ फायबरनं बांधलेले असतील आणि माणूस एका जागी बसलेला असेल, तरच फेज जुळवायच्या भानगडीत पड.

फोनही निवडून घे. दोन्ही सिग्नल सारख्याच जोराचे असतील तर फेज जुळल्यावर ६ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) जास्त मिळतात, न जुळता ३. दुसरा १० डीबीनं कमी असेल तर फेज जुळूनही जेमतेम २.४, आणि त्यासाठी शेजारच्या सेलचे (टॉवरच्या हद्दीचे) ब्लॉक गेले ते गेलेच. ६ डीबीपेक्षा जास्त फरक दिसला की मी तरी हात लावणार नाही.

आपल्याकडे खरी गोची अंतराची. एलटीईत (४जीत) प्रत्येक सिम्बॉलपुढे (पाठवलेल्या सिग्नलच्या तुकड्यापुढे) त्याचंच शेपूट चिकटवलेलं असतं, ४.७ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे १.४ किलोमीटर. दोन सिग्नलांमध्ये एवढाच उशीर खपतो. बालाघाटाच्या माथ्यावरचा टॉवर ७ किलोमीटरवरून आणि गावातला ४ वरून सारख्याच जोराचा दिसत असेल, तर ३ किलोमीटरचा फरक झाला १० मायक्रोसेकंद. मागून येणारा सिग्नल मदत करायची सोडून पुढच्या सिम्बॉलवर चढतो. तिथं सहकार्य विसर, माथ्यावरच्या अँटेनाचा टिल्ट (खाली झुकाव) वाढव.

त्याच ४.७ मधून दोन टॉवरांच्या घड्याळांमधली चूकही कापली जाते. ही घड्याळं जीपीएसवर लावतात. जीपीएसची केबल मीटरमागं सुमारे ४ नॅनोसेकंद उशीर करते. ५० मीटरला २०० नॅनोसेकंद. सेटिंगमध्ये केबलची लांबी भरायची राहते, आणि दोष अँटेनाला लागतो.

पुढच्या ड्राइव्ह टेस्टला (गाडीतून फिरून सिग्नल मोजताना) सगळ्यात जोरदार दोन सेलांच्या आरएसआरपीमधला (फोनला मिळणाऱ्या सिग्नलच्या जोरामधला) फरक जागोजागी नोंदव. ६ डीबीच्या आतल्या जागा नकाशावर रंगवून मला पाठव. मग कोणत्या साइट जोडायच्या ते ठरवू.

तुझा,
काका