रत्नागिरीत नव्यानेच सर्व्हर रूम हाती आली असेल तर

पुण्या-मुंबईचे लोक तुला लिक्विड कूलिंग (हवेऐवजी द्रवाने सर्व्हर गार करणं) नि एआयचे रॅक (सर्व्हर ठेवायची उभी कपाटं) सांगतील. ऐकून घे. पण आपल्याकडे आधी खारा वारा. बाहेरची हवा आत घेऊन वीज वाचवायची टूम कोरड्या गावी ठीक. इथे हवेसोबत मीठ येतं. रॅकपुढे तांब्याची नि चांदीची पट्टी 30 दिवस टांगून तपासणीला पाठव. गंजाचा थर तांब्यावर 300 आणि चांदीवर 200 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असेल तर निर्धास्त राहा.

सर्व्हर हवा ओढतो तिथे 18 ते 27 अंश चालतात. साहेबांना सोळाचा गारठा आवडतो, बिल मात्र कुणालाच आवडत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. रस्त्यात झाडं आडवी असताना डिझेलचा टँकर कुठून येणार? म्हणून मे संपायच्या आत जनरेटर पूर्ण लोडवर चालवून बघ, किती तास निघतात ते लिही. दोन कंपन्यांची इंटरनेटची फायबर घेतलीस तरी दोन्ही एकाच चरातून येत नाहीत ना, हे स्वतः चालत जाऊन बघ. हायवेच्या कामात जेसीबी दोन्ही एकदमच उचलतो.