डेलिरियमला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: दाखल रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहिताना 'डेलिरियम'साठी 'बेशुद्धावस्था' चालेल का? नाहीतर 'भ्रम'?

'बेशुद्धावस्था' तर नकोच. डेलिरियम झालेला माणूस बहुतेक वेळा जागा असतो. सकाळी मुलाला नावानं हाक मारतो, संध्याकाळी त्यालाच 'तुम्ही कोण?' विचारतो, सलाइनची नळी ओढतो, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो. शुद्ध असते, भान नसतं. बेशुद्धी वेगळी. तिची खोली मोजायला १९७४पासून ग्लासगो कोमा स्केल आहे. डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण, आणि ८ किंवा कमी म्हणजे प्रकरण गंभीर.

'भ्रम'ही मला पटत नाही. आयुर्वेदात भ्रम म्हणजे चक्कर, आणि रोजच्या बोलण्यात नुसता गैरसमज. चरकसंहितेत मद (नशेसारखी धुंदी), मूर्च्छा आणि संन्यास अशी चढती भाजणी आहे. मूर्च्छा आपली आपण उतरते, संन्यास औषधाशिवाय उतरत नाही, हा तिथला भेद. म्हणजे कोमाला जुना शब्द आहे, पण आज 'आजोबांना संन्यास झाला' लिहिलं तर लोक भगवी वस्त्रं शोधतील!

बोलीतला नेमका शब्द 'वात'. 'तापात वात झाला, रात्रभर बरळत होते.' मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही नांगराचं तास सोडून भरकटणं असाच आहे. अडचण एवढीच, की वात म्हटलं की आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो. डेलिरियमचा दुसरा प्रकार गप्प असतो. रुग्ण ग्लानीत पडून राहतो, घास तोंडात तसाच राहतो आणि घरचे म्हणतात, 'आज शांत झोपलेत.' हाच प्रकार नजरेतून सुटतो, म्हणून पत्रकात त्याचा उल्लेख हवाच.

'गुंगी' हा शब्द औषधानं आलेल्या झापडेसाठी राखून ठेवा. नातेवाईक बरळणाऱ्या रुग्णासाठी 'गुंगीचं इंजेक्शन द्या' म्हणतात, पण डायझेपामसारखी औषधं डेलिरियम वाढवू शकतात. दारू अचानक तुटल्यानं झालेला डेलिरियम हा ठळक अपवाद, तिथे तीच मुख्य औषधं. एरवी कारण शोधायचं: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, नवं सुरू केलेलं औषध. साखर उतरली असेल तर ग्लुकोज, यकृत थकलं असेल तर लॅक्टुलोज. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी वेळ आली तर थोड्या मात्रेत हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचं औषध देतात, पार्किन्सन (कंपवात) असेल तर तेही टाळतात.

'अँटिडोट'ला मात्र 'उतारा' हा अस्सल शब्द बिनधास्त वापरा. मॉर्फिनच्या गुंगीवर नॅलोक्सोन हा उतारा. त्याचा असर बऱ्याचदा मॉर्फिनच्या आधी ओसरतो, त्यामुळे रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, हेही एका ओळीत लिहा.

'भानभ्रंश' सुचेल, पण 'स्मृतिभ्रंश'शी गल्लत होईल. तो महिनोन्‌महिने वाढत जातो, हा काही तासांत किंवा दिवसांत उपटतो. मी असं लिहीन: 'डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक भान सुटणं. रुग्ण बरळेल किंवा अगदी गप्प होईल. दोन्ही वेळी नर्सला लगेच सांगा.'