आधी ठरवा शेवटचा मासा

प्रश्न : चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा रीफ टँक (कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) लावला आहे. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि वाळू टाकून पाच आठवडे झाले. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आहेत, नायट्रेट दहाच्या आसपास. ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, दोन फायरफिश, एक रॉयल ग्रामा, सहा ग्रीन क्रोमिस, सिक्स-लाइन व्रास, मँडरिन आणि निळा टँग अशी यादी केली आहे. सगळे 'रीफ सेफ' आहेत. एकदम आणू की दोन टप्प्यांत?

उत्तर : एकदम तर नकोच, पण दोन टप्पेही पुरणार नाहीत. आणि त्याआधी यादीतली काही नावे खोडावी लागतील.

'रीफ सेफ' या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की तो मासा कोरल कुरतडत नाही. शेजारच्या माशाशी तो कसा वागेल, हे त्यातून कळत नाही. लायनफिश कोरलला तोंड लावत नाही, पण तुमचा फायरफिश एका घासात गिळून टाकेल.

पहिला मासा कोणता आणू, असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मी आधी शेवटचा ठरवायला सांगते. प्रवाळावर राहणारे बहुतेक छोटे मासे हद्द धरून राहतात. ज्याने आधी कपार पकडली तो मालक, मागून आलेला तो घुसखोर. म्हणून बुजरा मासा आधी आणि दांडगा मागून. दांडग्याला जागा आधीच वाटल्या गेलेल्या टँकमध्ये यावे लागले, की त्याचा जोर बराच ओसरतो. उलट तोच आधी आला, तर चार फुटांचा सगळा टँक त्याचाच होतो.

तुमच्या यादीत खरा निर्णय सिक्स-लाइन व्रास की मँडरिन, हा आहे. दोघांना एकत्र ठेवू नका. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत फिरतो. त्याला पोट भरायला तेच लागतात. सिक्स-लाइनही तेच कोपेपॉड खातो, आणि मँडरिनच्या कितीतरी पट वेगाने. टँकमधले कोपेपॉड संपले की सिक्स-लाइन तुम्ही टाकलेल्या फ्रोझन खाण्यावर मजेत जगतो. मँडरिन मात्र त्याकडे बहुधा पाहतही नाही. त्याचे पोट आत जाते, पाठीच्या कडा दिसू लागतात आणि काही आठवड्यांत तो मरतो. इतका सुंदर मासा भरल्या टँकमध्ये उपाशी मरावा, याचे मला फार वाईट वाटते, आणि हे वारंवार घडते.

मँडरिन हवा असेल तर सिक्स-लाइन कायमचा खोडा, आणि मँडरिनचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. तो दांडगा आहे म्हणून नव्हे. त्याच्या अंगावरच्या कडवट, विषारी बुळबुळीमुळे सहसा कोणी त्याच्या वाटेला जात नाही आणि तोही दुसऱ्या जातीच्या माशाच्या वाटेला जात नाही. पण टँकमध्ये कोपेपॉडची पैदास स्थिरावायला वेळ लागतो. वर्षभर तरी थांबा. रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर टॉर्च काचेवर धरा. काचेवर आणि दगडावर बारीक पांढरे ठिपके सरसर पळताना दिसले, रोज दिसले आणि भरपूर दिसले, की मग मँडरिनचा विचार करा. शक्य तर टँकमध्येच पैदा झालेला आणि विक्रेत्याने तुमच्यासमोर फ्रोझन खाऊ घालून दाखवलेला घ्या.

सिक्स-लाइनच हवा असेल तर मँडरिन विसरा आणि सिक्स-लाइनला शेवटचा ठेवा. लहान असताना तो गोड वाटतो. वय वाढले की तुमच्या टँकएवढ्या जागेत नव्याने आलेल्या प्रत्येक छोट्या माशाला कोपऱ्यात दाबतो. त्याच्यानंतर काही आणायचे नाही, असे ठरवूनच तो आणा. मला विचाराल तर मी मँडरिनची वाट पाहीन.

निळ्या टँगचे नाव आजच खोडा. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पण पूर्ण वाढीला 30 सेंटीमीटरच्या आसपास जातो आणि त्याला सतत लांब पोहायचे असते. तुमच्या टँकचे हिशेबाने 255 लिटर होतात, दगड-वाळू वजा जाता 200च्या घरात पाणी उरेल. शेवाळ खायला कोणी हवे असेल तर टेलस्पॉट ब्लेनी आणि गोगलगायी पुरेत. सहा क्रोमिसही नकोत. थवा म्हणून आणतात, पण घरगुती टँकमध्ये त्यांच्यात उतरंड लागते, सगळ्यात खालचा मार खाऊन मरतो, मग त्याच्या वरचा. काही महिन्यांनी एखाददुसराच उरतो.

आता फायरफिश. हा मासा मला फार प्रिय आहे. पाठीवरचा लांब पांढरा काटा झेंड्यासारखा वर-खाली करत तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगतो. हलकीशी सावली पडली तरी झटकन बिळात नाहीसा होतो. टँकमध्ये आधीच कोणी पळवणारा असेल तर तो बिळातून बाहेरच येत नाही, खायलाही नाही. म्हणून पहिला मान त्याचा. दोन मात्र आणू नका. खरी जमलेली जोडी असेल तरच ते एकत्र नांदतात, नाहीतर एक जण दुसऱ्याला मारतो किंवा टँकबाहेर उडी मारायला लावतो. उडी तर तो एकटा असतानाही मारतो. पाव इंची भोकांची जाळी ताणून बसवा, वायरी आणि पाइप जातात त्या खाचाही झाका. काचेचे झाकण अर्धवट उघडे असेल तर काही उपयोग नाही.

फायरफिश दोन-तीन आठवड्यांत बिनधास्त खाऊ लागला की रॉयल ग्रामा. तो एखाद्या कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहताना दिसला तर घाबरू नका, त्याची तीच सवय आहे. कोणी जवळ आले तर तो जबडा फाकवून दाखवतो, सहसा त्यापुढे जात नाही. मात्र त्याच्यासारखाच जांभळा-पिवळा दिसणारा रॉयल डॉटीबॅक सोबत कधीच आणू नका. रंग आणि ठेवण सारखी असली की त्यांना ती आपल्याच जातीची कुरापत वाटते. हा नियम बाकी माशांनाही बऱ्याच अंशी लागू पडतो.

त्यानंतर ब्लेनी, मग क्लाउनफिशची जोडी. क्लाउनफिश इतके मागे का? कारण एकदा जोडी जमली आणि कोपरा ठरला की मादी तो कोपरा जिवावर उदार होऊन राखते. तुम्ही साफसफाईला हात घातलात तर हातालाही चावते. जोडी जमवायची असेल तर दोन्ही लहान घ्या, एक थोडा मोठा, एक लहान. हे सगळे जन्मतः नर असतात. त्यातला वरचढ पुढे मादी होतो आणि दुसरा नर राहतो. दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्यात तर मात्र एक उरेपर्यंत मारामारी चालते.

प्रत्येक वेळी दोन-तीन आठवड्यांचे अंतर मी सांगते, त्याला आणखी एक कारण आहे. तुमची सायकल झाली आहे, म्हणजे आता आहे तेवढ्या घाणीला पुरतील इतके जिवाणू दगडावर वसले आहेत. नवीन मासा आला, खाणे वाढले, अमोनिया वाढला. जिवाणूंना त्या प्रमाणात वाढायला वेळ द्यावा लागतो. मासा टाकल्यानंतरचा पहिला आठवडा एक दिवसाआड अमोनिया तपासत जा.

प्रश्न : टँक सायकल करायला तीन डॉमिनो डॅमसेल टाकले होते, त्यातला एक उरला. आता तो टाकलेला प्रत्येक मासा पळवून पळवून मारतो. काय करावे?

उत्तर : त्याला बाहेर काढा. जाळे घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही. तो दगडात शिरतो आणि घाबरून बाकीचे मासे आजारी पडतात. पारदर्शक सापळा मिळतो, त्यात खाणे ठेवून एक-दोन दिवस दार उघडेच राहू द्या; आत-बाहेर करायची सवय झाली की दार पाडा.

त्याच्या स्वभावात खोट नाही. समुद्रात हाकललेला मासा दहा फूट लांब निघून जातो आणि भांडण तिथेच मिटते. टँकमध्ये हाकललेल्याला जायला जागाच नसते, म्हणून हाकलणारा थांबत नाही. शिवाय डॉमिनो 14 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. छोट्या, शांत माशांबरोबर त्याला पुन्हा टाकू नका, मोठ्या दांडग्या माशांचा टँक असलेल्या कोणाला तरी देऊन टाका.

भांडखोर मासा इतका टोकाचा नसेल, म्हणजे क्लाउनफिश किंवा ग्रामा नवख्याला त्रास देत असेल, तर आधी दगडांची रचना बदला. सगळ्यांच्या हद्दी एकदम पुसल्या जातात. नवा मासा भोकांच्या पारदर्शक डब्यात तीन-चार दिवस टँकमध्येच ठेवा. जुने मासे येऊन काचेवर डोके आपटतात आणि हळूहळू कंटाळतात. काचेवर आपटणे थांबल्यावर, दिवे बंद करून त्याला सोडा.

आणि पुढच्या वेळी सायकलसाठी मासे टाकू नका. अमोनियाने त्यांचे कल्ले भाजतात. अमोनियम क्लोराइडचे थेंब किंवा चिमूटभर मत्स्यखाद्य तेच काम करते, कोणाचाही जीव न घेता.

प्रश्न : नवा मासा काही दिवस वेगळा ठेवायच्या क्वारंटाइन टँकला जागा नाही. मासा गोड्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून मुख्य टँकमध्ये सोडला तर चालेल का?

उत्तर : नाही. गोड्या पाण्याने अंगावरचे फ्लूक (चपटे परजीवी कृमी) गळतात, पण पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन कातडीच्या आत असतो, तिथे पाणी पोचत नाही. हा परजीवी काही दिवसांनी माशावरून आपणहून गळतो, वाळूत किंवा दगडावर कोष करतो आणि त्यातून शेकडो नवे बाहेर पडतात. मधल्या काळात मासा स्वच्छ दिसतो आणि आपल्याला वाटते, बरा झाला. मग सगळ्याच माशांवर ठिपके येतात. तेव्हा रीफ टँकमध्ये तांब्याचे औषध घालता येत नाही, कारण त्याने कोरल, कोळंबी आणि गोगलगायी मरतात. सगळे मासे बाहेर काढून टँक 76 दिवस माशांविना ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि बाहेर त्या सगळ्यांवर उपचार करावे लागतात. त्याला किती जागा लागेल, विचार करा.

त्यापेक्षा चाळीस लिटरचा साधा टँक टेबलाखालीही मावतो. हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पुरतात. दगड-वाळू घालू नका, तांब्याचे औषध ती शोषून घेते. स्पंज आधी महिनाभर मुख्य टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू तयार असतील. मासा किमान चार आठवडे नजरेखाली राहू द्या. त्याला नीट खायची सवयही इथेच लावता येते, कारण हिसकावून घेणारे कोणी नसते.

प्रश्न : फ्लेम हॉकफिश आणि क्लीनर श्रिम्प एकत्र चालतील का?

उत्तर : हॉकफिश कोळंबी खातो. मोठी श्रिम्प आधीपासून असेल तर काही वेळा वाचते, पण ती कात टाकून मऊ असते त्या रात्रीची खात्री देता येत नाही. दोघांपैकी एक निवडा.

प्रश्न : क्लाउनफिशसाठी अ‍ॅनिमोन लगेच आणावा का? त्याच्याशिवाय ते दुःखी राहतील?

उत्तर : राहणार नाहीत. टँकमध्ये पैदा झालेल्या कित्येक क्लाउनफिशनी अ‍ॅनिमोन कधी पाहिलेलाही नसतो. ते एखाद्या मऊ कोरलमध्ये किंवा पंपाच्या कोपऱ्यातही संसार थाटतात. अ‍ॅनिमोनला मात्र स्थिर क्षारता, भरपूर उजेड आणि मुरलेला टँक लागतो. वर्षभराने आणायचाच असेल तर बबल-टिप घ्या. जागा पसंत पडेपर्यंत तो टँकभर सरकत फिरतो आणि फिरता फिरता वेव्हमेकरमध्ये (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपात) ओढला गेला तर त्याच्या चिंधड्या होऊन सगळ्या टँकचे पाणी बिघडते. तो आणण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक वेव्हमेकरला आणि ओव्हरफ्लोला (पाणी टँकमधून सम्पकडे उतरते त्या जागेला) स्पंजचे किंवा जाळीचे आवरण घाला, आणि तो एका जागी पक्का चिकटल्यावरही काही आठवडे ते काढू नका.