तिकिटं कोण विकतं, ते आधी विचारा

बॉक्सिंगविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात फोंड्याचे एक निवृत्त हौशी बॉक्सिंग पंच.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला गोदामात कामाला आहे. गोव्याची चार-पाच मुलं एकाच घरात राहतात, शनिवारी रात्री एकत्र बॉक्सिंग बघतात आणि मग भांडतात. भाच्याचं म्हणणं, लढती भरवणाऱ्या एडी हर्न नावाच्या प्रमोटरने ब्रिटिश बॉक्सिंग परत जिवंत केलं. त्याच्या मडगावच्या मित्राचं म्हणणं, त्यानेच ते विकून खाल्लं. काका, कोणाचं बरोबर?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर, असं म्हणून सुटता आलं असतं. पण हौशी बॉक्सिंगमध्ये गुण सारखे झाले तरी पंचाला एकाच्या बाजूने कौल द्यावाच लागतो, आणि ती सवय अजून जात नाही. माझा कौल असा : २०१७ पर्यंत भाचा जिंकतो, त्यानंतर मित्र.

एडी हर्न काही अनवाणी आलेला नाही. बाप बॅरी हर्न. रोमफर्डचा त्याचा स्नूकर हॉल, तिथे त्याला सापडलेला स्नूकरपटू स्टीव्ह डेव्हिस, आणि त्यातून १९८२ मध्ये उभी राहिलेली मॅचरूम कंपनी. बॉक्सिंगमध्ये बॅरी उतरला तो १९८७ मध्ये, टॉटनहॅमच्या जुन्या फुटबॉल मैदानावर फ्रँक ब्रुनो आणि जो बगनर यांना समोरासमोर उभं करून. म्हणजे पोराने धंदा घरातच बघितला होता. त्याआधीच्या काळात, १९७० च्या दशकात, मिकी डफ, जार्व्हिस अ‍ॅस्टेअर वगैरे मोजक्या माणसांच्या हातात लंडनचं सगळं बॉक्सिंग होतं. त्यांची मक्तेदारी फोडली फ्रँक वॉरन या प्रमोटरने. आज तोच वॉरन हर्नचा सगळ्यात जुना प्रतिस्पर्धी आहे. या धंद्यात मक्तेदारी मोडणाराही पुढे आपलंच कुंपण घालतो, हे भाच्याला जरूर सांगा.

एडीने जम बसवला तेव्हा ब्रिटनमध्ये बॉक्सिंग टीव्हीवरून आटत चाललं होतं. बीबीसी आणि आयटीव्हीने हात आखडता घेतला होता. वॉरनने २०११ मध्ये बॉक्सनेशन नावाची स्वतःची वाहिनीच काढली. २०१२ मध्ये स्काय स्पोर्ट्स वाहिनीने मॅचरूमशी एकट्याशी करार केला आणि बाकीच्या प्रमोटरांना तिथल्या तारखा मिळेनाशा झाल्या. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनने बॉक्सिंगची तीन सुवर्णपदकं घेतली : अँथनी जोशुआ, ल्यूक कॅम्पबेल आणि निकोला अ‍ॅडम्स. हे पीक हर्नने पेरलेलं नव्हतं. शेफील्डचं राष्ट्रीय केंद्र आणि त्यामागचा लॉटरीचा पैसा यांनी ते उभं केलं. कापणीच्या वेळी मात्र हर्न विळा घेऊन बांधावर हजर होता. जोशुआ आणि कॅम्पबेल दोघेही त्याच्याकडे गेले.

तरी श्रेय द्यायचं तिथे देतो. २०१३ च्या नोव्हेंबरात मँचेस्टरला कार्ल फ्रॉच विरुद्ध जॉर्ज ग्रोव्ह्ज. फ्रॉच नॉटिंगहॅमचा जगज्जेता, ग्रोव्ह्ज लंडनचा तरुण. पहिल्याच फेरीत ग्रोव्ह्जने फ्रॉचला जमिनीवर बसवलं. नवव्या फेरीत फ्रॉचने जोर केला आणि पंचांनी मध्ये पडून लढत थांबवली. मला विचाराल तर घाई झाली. ग्रोव्ह्ज पायांवर उभा होता, हात चालत होते. पण मी इकडे फोंड्यात खुर्चीवर बसलेला. दोन माणसं धापा टाकत अंगावर येत असताना अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा त्या पंचाला नावं ठेवणार नाही. लोक भडकले, ग्रोव्ह्जने जागतिक किताब देणाऱ्या आयबीएफ या संघटनेकडे दाद मागितली, पुन्हा लढतीचा आदेश आला. ती ३१ मे २०१४ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाली, ८०,००० माणसांसमोर. आठव्या फेरीत फ्रॉचच्या उजव्या हाताने सगळा वाद मिटवला.

यात प्रमोटरचं कसब कुठे, ते बघा. दोन्ही इंग्रज. अमेरिकेतून कोणी आणला नाही, लास व्हेगासला कोणाला नेलं नाही. घरचं भांडण घरच्याच मैदानात, आणि फुटबॉलचं मैदान भरलं. ते बघून बाकीच्यांनाही धीर आला. पुढे २९ एप्रिल २०१७ ला त्याच वेम्ब्लीवर जोशुआ आणि युक्रेनचा माजी जगज्जेता क्लिच्को. पाचव्या फेरीत क्लिच्को पडला, सहाव्यात जोशुआ, अकराव्यात पंचांनी क्लिच्कोला सोडवलं. ९०,००० प्रेक्षक. हर्नच्या कारकिर्दीतला सगळ्यात चांगला दिवस मी तोच धरतो. जुना राजा आणि नवा राजा, दोघांनीही काही राखून ठेवलं नाही.

त्यानंतर हिशेबच पुढे चालू लागला. टीव्हीच्या वर्गणीवर आणखी वीस पौंड मोजून एक रात्र बघायची, हे क्लिच्कोसाठी ठीक. पण मग दुय्यम लढतींनाही तीच पाटी लागली. २०१८ मध्ये हर्नने अमेरिकेत आठ वर्षांचा, एक अब्ज डॉलरचा करार जाहीर केला आणि त्याचं अर्धं लक्ष समुद्रापलीकडे गेलं. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी रुईझने जोशुआला सातव्या फेरीत थांबवलं. परतीची लढत कुठे? ना वेम्ब्लीवर, ना कार्डिफला. सौदी अरेबियात, दिरियाला. २०२१ मध्ये मॅचरूमने स्काय सोडून डॅझन या इंटरनेटवरच्या सेवेची वाट धरली आणि सवयीने शनिवारी रात्री टीव्ही लावणारा प्रेक्षक मागे राहिला. आणि १ जून २०२४ ला रियाधमध्ये हर्नचे पाच विरुद्ध वॉरनचे पाच अशी झुंज लावली गेली. पाचही लढती वॉरनच्या बॉक्सरांनी जिंकल्या. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन प्रमोटर शेजारी बसले, कारण पैसे देणारा तिसराच होता. माझ्या मते ब्रिटिश बॉक्सिंगची आजची स्थिती सांगायला तेवढी एक रात्र पुरे.

ऑक्टोबर २०२२ चंही सांगतो, कारण मडगावच्या मुलाचा मुद्दा तिथे सर्वांत पक्का आहे. तेव्हा हर्नकडे असलेला कॉनर बेन आणि ख्रिस युबँक ज्युनियर यांची लढत लंडनच्या ओटू हॉलमध्ये ठरली होती. आठवड्याच्या मध्यात बातमी फुटली की बेनच्या एका चाचणीत बंदी असलेलं औषध सापडलं आहे. तिथे परवाने देणाऱ्या ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाने सांगितलं, ही लढत होणार नाही. तरीही आयोजकांनी लगेच हात टेकले नाहीत. काहीतरी वाट निघेल म्हणून खटपट चालू राहिली आणि मगच ती रद्द झाली. बेनने आरोप नाकारला, पुढे त्याच्यावरची बंदीही उठली. ते वेगळं. पण १९२९ पासून चालत आलेल्या बोर्डाने ‘नाही’ म्हटल्यावर ऐकायचं असतं. पंचाने ‘थांब’ म्हटल्यावर हात खाली घ्यायचे, हे आम्ही दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

आता ज्या गोष्टीवर दोघेही भांडत नसतील, ती. वेम्ब्ली वर्षातून एखाद-दोनदा. बाकी बॉक्सिंग चालतं लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या यॉर्क हॉलसारख्या ठिकाणी. तिथे घरच्या बाजूचा नवखा मुलगा स्वतः तिकिटं विकतो. मित्रांना, नातेवाइकांना, कामावरच्यांना. त्या पैशातून बऱ्याचदा समोरच्याचं मानधन निघतं, उरलं तर याचं. जत्रेतल्या नाटकात राजाचं काम हवं असेल तर वर्गणीही तूच गोळा कर, असं सांगण्यातला प्रकार. समोर येतो पाहुण्या कोपऱ्यातला मुरलेला माणूस. हरायचं, पण पडायचं नाही, हीच त्याची रोजी. बर्मिंगहॅमचा पीटर बकली अशा ३०० लढती लढला आणि २५६ हरला. हसू नका. पुढे नाव काढलेल्या कितीतरी मुलांना पहिला खरा धडा याच माणसाने दिला. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये अशा छोट्या लढतीत गुण देणारा एकटा रिंगमधला पंचच असतो. तोच मध्ये उभा, तोच निकाल देणारा. मला ते कधीच रुचलं नाही. पंचाचा चुकून धक्का लागला, तर त्याचे गुण कोण कापणार?

ही पद्धत हर्नच्या आधीची आहे. त्याने ती आणली नाही, पण इतक्या मोठ्या रात्री करूनही बदललीही नाही. माझी त्याच्यावरची खरी तक्रार एवढीच. रियाधपेक्षाही मोठी.

प्रश्न : २०२१ मध्ये विजेंदर सिंगची लढत पणजीत कॅसिनोच्या जहाजावर झाली होती. ती खरी स्पर्धा होती की नुसता तमाशा?
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : खरीच होती. १९ मार्च २०२१, मांडवीतल्या जहाजाची गच्ची, समोर रशियाचा उंचापुरा आर्तिश लोप्सान. पाचव्या फेरीत लढत थांबली आणि व्यावसायिक कारकिर्दीतला विजेंदरचा पहिला पराभव आपल्या मांडवीत नोंदला गेला. १२ विजय मागे होते, पण आधीची लढत २०१९ ची. इतक्या खंडानंतर हात वेळेवर येत नाहीत.

वरच्या उत्तराशी याचा संबंध आहे. बीजिंगच्या या कांस्यपदक विजेत्याला व्यावसायिक केलं ते फ्रँक वॉरनच्या क्वीन्सबेरी कंपनीने. ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला पहिली लढत, मग डब्लिन, लिव्हरपूल, बोल्टन अशी पुढची पायरी, आणि जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपविरुद्ध आशिया पॅसिफिक किताब. आधी सोपे प्रतिस्पर्धी, मग घरच्या गर्दीसमोर पट्टा. ब्रिटिश प्रमोटरची पाठ असलेली चाल ती हीच. जहाजाचं म्हणाल तर बॉक्सिंग आणि जुगार यांचं शेजार लास व्हेगासपासूनचं आहे. मला फक्त नदीवर रिंग हलते का, एवढीच शंका होती.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. राज्य स्पर्धेत पदक मिळालंय. एका गृहस्थांनी ‘प्रो’ करतो म्हणून करार पुढे ठेवलाय, पाच वर्षांचा. इंग्लंडला पाठवतो म्हणतात. नवरा तयार आहे, माझं मन घेत नाही.
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, तुमच्या मनाचं ऐका, निदान सध्या.

बायकांच्या बॉक्सिंगला तिकडे वाव नाही असं मुळीच नाही. ब्रिटिश बोर्डाने बाईला परवाना दिला तो १९९८ मध्ये, तोही जेन काऊचने दाद मागून जिंकल्यावर. आणि ३० एप्रिल २०२२ ला केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं. त्या जागी मुख्य लढत बायकांची, हे पहिल्यांदाच झालं. टेलर हर्नकडचीच, आणि हे श्रेय मी त्याला आनंदाने देतो. पण टेलर व्यावसायिक झाली ती ऑलिम्पिक सुवर्ण आणि जागतिक विजेतेपदं गाठीला बांधून. तिच्या पदकांनी तिच्यासाठी तिकिटं विकली. तुमच्या मुलीची इंग्लंडात कोण विकणार? त्या गृहस्थांना हाच प्रश्न पहिला विचारा.

मग हे विचारा : डोक्याचं स्कॅन, डोळ्यांची तपासणी, विमा यांचे पैसे कोण भरणार? वर्षाला किमान किती लढती देणार, आणि नाही दिल्या तर करार सुटतो का? मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस आहे का? अमेरिकेत २००० च्या कायद्याने या दोघांना वेगळं ठेवलं आहे, कारण एकाचं काम मुलीचं मानधन वाढवायचं, दुसऱ्याचं कमी ठेवायचं. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतील तर तुमच्या बाजूने बोलायला कोणीच उरत नाही.

व्यावसायिक झाल्यावर ऑलिम्पिकचं दार २०१६ पासून अगदी बंद राहिलेलं नाही. विकास कृष्णन अमेरिकेत लढून परत आला आणि टोकियोला गेला. पण तो आधीच ऑलिम्पिकला जाऊन आलेला होता.

बारावी होऊ द्या. राष्ट्रीय स्पर्धेत दोन मोसम खेळू द्या. करार हातात असेल तर ओळखीच्या वकिलाला दाखवा, आणि पाच वर्षांच्या जागी एक वर्ष लिहून तो परत पाठवा. गृहस्थ काय उत्तर देतात, ते मला कळवा.